काकूंच्या दिवाणावरून

दळवीकाका टीव्ही बघत नसत, तपासत असत. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत त्यांची नजर पडद्यावर खिळलेली असायची, आणि मग घरच्यांना नेमकं ऐकू जाईल अशा बेताने ते पुटपुटायचे, "लाल जरा चढलाय." लाल चढतो म्हणजे काय करतो हे कुणाला कळत नसे, पण त्या क्षणापासून घरातल्या प्रत्येकाला बातम्या देणाऱ्या माणसाचा चेहरा उन्हात करपल्यासारखा दिसायला लागे. मग मुकाट्याने रिमोट काकांच्या हातात द्यावा लागे. आमच्या इमारतीत या सवयीची भरपूर टिंगल व्हायची. मीही करायची. आज काका आठवतात ते मात्र तसे आठवत नाहीत. कुणी न मागितलेली क्षमा सारखी मागत असल्यासारखे, दारात जरा वाकून उभे असलेले आठवतात.

विरार पूर्वेला फुलपाड्यात आमची इमारत. कोणी कोकणातले, कोणी देशावरचे, बहुतेक जण मुंबईत नोकरीला. दळवी आमच्या समोरच्या दारात राहायचे. काका कणकवलीकडचे. त्यांची सगळी नोकरी मुंबईतल्या एका कापड गिरणीच्या रंगखात्यात गेली. गिऱ्हाइकाने दिलेला नमुन्याचा तुकडा आणि रंगून आलेलं कापड एकाच रंगाचं आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं, हे त्यांचं काम. गिरणी बंद झाली तरी डोळ्यांची ती खोड गेली नाही. "समोरून सगळेच बघतात," ते म्हणायचे. "कापड हातावर तिरकं धरून बघायचं. समोरून जुळलेला रंग तिरका धरला की फसवतो." हे त्यांनी मला साडी घेताना ऐकवलं, पडदे घेताना ऐकवलं आणि एकदा भाजीवाल्याकडे टोमॅटो घेतानाही ऐकवलं.

या माणसाशी संसार करून दळवीकाकूंनाही रंगांची चटक लागली होती. दुपारच्या मालिकेत काय चाललंय याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसायचं. कोण कुणाच्या मालमत्तेवर टपलंय, कुणाची स्मृती गेलीय, ते मी सांगायचं. साडीचा रंग त्या सांगायच्या. निळी साडी त्यांच्या लेखी नसायचीच. ती चिंतामणी असायची, नाहीतर आनंदी, नाहीतर मोरपिशी. गुलाबी म्हटलं की त्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघायच्या आणि म्हणायच्या, "गुलबक्षी गो ती." आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेले काका तिथूनच विचारायचे, "गुलबक्षी की राणी?" मग दोघांचा वाद. तो वाद ऐकायलाच मी जायची. मी तेव्हा घरी शिकवण्या घ्यायची आणि मुलं यायच्या आधीचा माझा तास-दीड तास त्यांच्याकडेच जायचा.

आमच्या भागात घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि पुढे जुने बदलून सपाट काचेचे घ्यायची टूम निघाली, तेव्हा काकांचा भाव वधारला. त्यांना घेतल्याशिवाय दुकानात जायचं नाही असा इमारतीत रिवाजच पडला. काका जाताना आपली घडीची खुर्ची बरोबर घ्यायचे. रिक्षात ती मांडीवर घेऊन बसलेले काका विरार स्टेशनच्या रस्त्याने जाताना दिसले की कुणाच्या तरी घरी नवा टीव्ही येणार हे ओळखावं. दुकानात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे चालू असलेली तबकडी बंद करायला लावणं. दुकानदार सगळ्या टीव्हींवर समुद्राच्या तळाचे मासे नाहीतर परदेशातली फुलं लावून ठेवतात ना, त्यावर काकांचा फार राग. म्हणायचे, मासे कुठल्याही टीव्हीवर चांगलेच दिसतात, मला शेतीचा कार्यक्रम लावा. शेतकऱ्याचा चेहरा आणि मागची माती वेगवेगळी दिसली की तो टीव्ही पास. मग खुर्ची उघडून ते दुकानाच्या मधोमध बसायचे आणि घेणाऱ्याला विचारायचे, "तुमच्याकडे कोण कुठे बसतं?" सासरे खिडकीशी बसतात म्हटलं की खुर्ची उचलून डावीकडे. मुलं जमिनीवर लोळतात म्हटलं की काका पायजमा सावरून दुकानाच्या फरशीवर. दुकानदार कंटाळायचे, पण त्यांना बाहेरही काढता यायचं नाही, कारण काकांबरोबर आलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतायचा नाही.

वसईजवळ गिरीजला त्यांचा गिरणीतला जुना सहकारी होता, पीटर लोपीस. केळी-भाजीची वाडी, घर वाडीतच. त्यालाही काकांनीच टीव्ही निवडून दिला होता. त्या घरचा किस्सा पुढे सांगते.

मग एका सकाळी काकू न्हाणीघरात कोसळल्या. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण डावी बाजू गेली ती गेलीच. इस्पितळातून आणल्यावर त्यांना आतल्या खोलीत ठेवावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. बोईसरला दिलेली मुलगीही तेच म्हणाली. काकांनी ऐकलं नाही. आतली खोली अंधारी, तिथे तिच्याशी बोलायला कोण जाणार, ती बाहेरच्या खोलीतच राहील, चार माणसांत राहील, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण बाहेरच्या खोलीत दिवाण मावेल अशी एकच जागा होती, आणि तिथे तो जुना पेटीसारखा टीव्ही आपल्या लाकडी घोडीवर ठाण मांडून बसला होता. म्हणून नवा टीव्ही आला. भिंतीला टांगता येईल असा हवा, म्हणून आला. काकूंना दिवसभरात करण्यासारखी हीच एक गोष्ट उरली होती, आणि ती त्यांना नीट मिळावी यासाठी काकांनी त्या टीव्हीच्या शोधात चपला झिजवल्या.

तेव्हा भिंतीवरच्या टीव्हींमध्ये दोन जाती होत्या, प्लाझ्मा आणि एलसीडी. आज हे शब्द कुणाच्या ध्यानातही नसतील, पण त्या दिवसांत आमच्या जिन्यात त्यावर चर्चा झडायच्या. काका मला समोर बसवून समजवायचे. प्लाझ्माचा काळा रंग खरा काळा, कुठल्याही बाजूने बघा, चित्र तेच. पण त्याची काच आरशासारखी. आपल्याकडे समोर पश्चिमेची खिडकी, दुपारी काकूला मालिकेऐवजी खिडकीचे गज दिसतील. शिवाय तो वीज खातो. त्या काळात आमच्याकडे रोज तासन् तास वीज जायची. इन्व्हर्टरवर काकूंचा पंखा चालवायचा की प्लाझ्मा, असा प्रश्न होता. एलसीडी विजेला हलका आणि त्याच्या पडद्यावर उजेडाची तिरीप पडत नाही. काळा रंग जरा राखाडी दिसतो, तेवढं चालवून घेऊ. सगळा विचार काकूंचाच होता. वसई, नालासोपारा, विरार, अगदी बोरिवलीपर्यंत ते खुर्ची घेऊन फिरले. समोरून बघितलं, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. शेवटी पक्का झाला तो एलसीडी.

टीव्ही आला त्या दिवशी काकूंना उशी लावून बसवलं होतं. त्यांनी उजव्या हाताने टीव्हीच्या कोपऱ्याला कुंकू लावलं, काकांनी नारळ फोडला, मी पेढे वाटले. मग माणसांनी तो भिंतीवर टांगला, चांगला उंच, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं मध्ये येणार नाही. जुना टीव्ही बदलीत दुकानदार घेऊन गेला. इमारतीतली सगळी येऊन बघून गेली. काका प्रत्येकाला आपल्या खुर्चीवर बसवून तिथून बघायला लावत होते, आणि प्रत्येक जण वाहवा करत होता. काकूही हसत होत्या.

त्यानंतर मी रोज दुपारी जायची. काकू दिवाणावर आडव्या, टीव्ही त्यांच्या पायांच्या बाजूला वर, मी उशाशी खुर्चीत. मालिका चालू. कोण कुणाच्या मालमत्तेवर टपलंय ते मी सांगायची. काकू "हं" म्हणायच्या. कधी डोळे मिटून पडायच्या. मला वाटायचं आजारपणाने थकल्या. मध्येच एकदा मी म्हटलं, "काकू, आज निळी साडी बघितली का?" तर म्हणाल्या, "बरी आसा." निळी म्हटल्यावर त्या माझ्यावर खेकसल्या नाहीत, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. आतून काकांनीही विचारलं नाही, चिंतामणी की आनंदी. ते स्वयंपाकघरात पेज ढवळत असायचे, आणि बायको पडल्या पडल्या मालिका बघतेय या समाधानात असायचे. जेवताना टीव्ही बंद हा त्या घरातला जुना नियम, त्यामुळे काकू उशीला टेकून बसायच्या त्या वेळात टीव्ही कधी चालू नसायचा.

दिवाळीत आलेला टीव्ही. हे सगळं उघडं पडलं ते उन्हाळ्यात. क्रिकेटचा सामना होता आणि आमच्या मजल्यावरची, वरच्या मजल्यावरची सगळी पुरुषमंडळी दळवींकडे जमली होती. सगळ्या खुर्च्या पाहुण्यांना दिल्यावर काकांना बसायला जागा उरली नाही. ते दिवाणाला पाठ लावून जमिनीवर बसले आणि मान मागे टाकून डोकं काकूंच्या चादरीवर टेकवलं. थोड्या वेळाने मी चहाचा ट्रे घेऊन आले तर काका उभे राहत होते. उभे राहिले, टीव्हीकडे बघितलं, परत खाली बसले. परत उठले. परत बसून डोकं टेकवलं. वरच्या मजल्यावरचा पाटील म्हणाला, "काका, आपला गडी बाद झाला म्हणून तुम्ही कशाला उठाबशा काढताय?" सगळे हसले. मीही हसले.

काका हसले नाहीत. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाले, "इथे डोकं ठेव, आणि बघ." मी वाकून दिवाणाच्या काठाशी कान टेकवून वर बघितलं. हिरवं मैदान डांबरासारखं झालं होतं. खेळाडूंचे चेहरे कोळशाचे, आणि चेहऱ्यांच्या जागी कुठे कुठे नुसते पांढरट डाग. पांढरे कपडे राखेच्या रंगाचे. कोण फलंदाज आणि कोण पंच ते ओळखू येत नव्हतं. मी मान उचलली तर सगळं लख्ख रंगीत. एलसीडी बाजूने बघितला तर फारसा बिघडत नसे, पण खालून बघितला की असा काळवंडायचा. हे त्या खोलीतल्या इतक्या माणसांपैकी एकालाच रोज दिसत होतं.

काका गुडघ्यांवर वळले. त्यांनी हळूच विचारलं, "तुका ह्या असाच दिसता? पयल्यापासून?"

चोरी पकडली गेल्यासारखं काकूंचं तोंड झालं. मग म्हणाल्या, "असांदे. माका ऐकाक येता मा सगळा." आणि चादरीचा काठ ओढत, "इतक्या हौशेन हाडलात. तुमका कसा सांगूचा?"

सामना चालू होता. कुणाचं लक्ष नव्हतं. काका उठून स्वयंपाकघरात गेले ते शेवटपर्यंत बाहेर आले नाहीत. मी कप ठेवायला आत गेले तेव्हा ते ओट्याला दोन्ही हात टेकून उभे होते. मला म्हणाले, "सबंध जन्म कापड तिरकं धरून बघितलं गं. दुकानात सगळ्यांच्या पोरांसाठी फरशीवर बसलो. हिच्यासाठी नाही बसलो. माझ्या डोक्यात ती अजून खुर्चीतच बसत होती." मी म्हटलं, काका, तुम्हाला काय माहीत. ते म्हणाले, "मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

सामना संपल्या संपल्या त्यांनी टीव्ही भिंतीवरून उतरवायला लावला. ठेवायला टेबल नव्हतं, जुनी घोडी टीव्हीबरोबरच गेली होती. मग आपली घडीची खुर्ची दिवाणाच्या पायथ्याशी उघडून त्यांनी टीव्ही त्या खुर्चीवर ठेवला आणि दोरीने पाठीला बांधला. स्वतः जमिनीवर बसायला लागले ते कायमचे. दुसऱ्या दुपारी मी गेले तर नायिका लग्नाला निघाली होती. मी मुद्दामच म्हटलं, "गुलाबी साडी छान आहे." काकू म्हणाल्या, "अबोली गो ती." म्हणाल्या आणि चटकन काकांकडे बघितलं, आपण काही लागेल असं बोललो की काय म्हणून. काका पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर नुसता हातात धरलेला होता. इतका साधा उपाय होता, आणि तो इतका उशिरा झाला, हेच त्यांना सहन होत नव्हतं. काकू त्यांना समजवायच्या. आजारी बाईनेच धडधाकट माणसाची समजूत काढत बसायचं अशी पाळी त्या घरावर आली होती.

त्यानंतर काका एक नवंच करायला लागले. ज्यांना ज्यांना त्यांनी टीव्ही निवडून दिला होता त्या घरी जायचे आणि विचारायचे, तुमच्याकडे आजारी कोण आहे, म्हातारं कोण आहे, ते कुठे झोपतं? आणि तिथे आडवे होऊन टीव्ही लावायला सांगायचे. लोकांना वाटलं काकांचं डोकं फिरलं. ज्यांच्याकडे जुने पेटीचे टीव्ही होते त्यांनी सांगून बघितलं की आमच्याकडे तो प्रश्नच नाही. तरी काका आडवे व्हायचेच.

गिरीजचा किस्सा लोपीसने मला नंतर सांगितला. काका पोचले तेव्हा लोपीस वाडीत पाणी सोडत होता. आत जाऊन बसा म्हणाला. तो हात धुऊन येतो तर आतून त्याच्या आईचा आरडाओरडा. म्हातारीची खाट बाहेरच्या खोलीत. ती परसात गेली होती ती परत आली तर आपल्या खाटेवर, आपल्या जपमाळेच्या शेजारी, एक परका बुवा हात पोटावर ठेवून सरळ पडलेला. तिला वाटलं मेलेला माणूस आणून ठेवलाय. काकांनी उठून हात जोडले आणि विचारलं, आजी, तुम्हाला इथून टीव्ही नीट दिसतो ना? म्हातारी म्हणाली, मी टीव्ही बघते कुठे, मी दारात बसते रस्त्याकडे तोंड करून. नाताळची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, दाखवतात तेवढी मागे वळून बघते. लोपीस हे सांगताना पोट धरून हसत होता. मग त्याचं हसू आटपलं. म्हणाला, काकांनी आईला सगळं सांगितलं, काकूंचं. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, बाबा, तिने तुला माफ केलंय, तू कशाला फिरतोस. आणि काकूंसाठी वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी पिशवी भरून दिली. ती सुकेळी काकूंनी आवडीने खाल्ली. काकांनी एकालाही हात लावला नाही.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात काकू गेल्या. दुसरा झटका आला. शेवटच्या वर्षभरात त्यांनी सगळ्या मालिकांचे सगळे रंग बघितले, मला रोज सुनावले, काकांशी भांडल्याही. ते काकांनी आपल्या हिशेबात धरायला काय हरकत होती? मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "हो, ते आहेच." म्हणाले आणि विषय तिथेच राहिला.

दिवसवार झाल्यावर मुलगी बोईसरला परत गेली. त्याच सुमारास आमचंही ठाण्याला जायचं ठरलं होतं, सामान बांधणं चालू होतं. त्या गडबडीत दोन-चार दिवस माझं तिकडे जाणं झालं नाही. एका दुपारी घावणे केले होते, ते डब्यात घालून मी समोर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्हीचा आवाज होता.

घडीची खुर्ची रिकामी, भिंतीशी उभी केलेली. टीव्ही परत वर गेला होता, जुन्याच जागी, तसाच उंच. आणि काका दिवाणावर आडवे होते, काकूंच्या उशीवर डोकं, तोंड काकूंसारखंच टीव्हीकडे. दुपारची मालिका लागली होती. मी दारात उभी, मला चित्र स्वच्छ दिसत होतं. काकांना तिथून काय दिसत असेल ते मला ठाऊक होतं. म्हणजे काकूंनी बघितलं तसंच ते बघत होते, बहुधा रोज, मालिका सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. मला त्यांना उठवावंसं वाटलं, आणि उठवायचा मला काही हक्क आहे असंही वाटेना. इतके दिवस मी त्या उशाशी बसून मालमत्तेच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

मी हाक मारली तर त्यांनी मान वळवली नाही.

"नीता," ते म्हणाले, "ती साडी कुठली गं?"

"चिंतामणी."

"मला काळी दिसते." त्यांची नजर पडद्यावरच होती. मग म्हणाले, "तिने मला नुसतं विचारलं असतं, साडी कुठली, तर मी सांगितलं असतं."

मी डबा दिवाणाच्या कडेला ठेवला. भिंतीशी उभी केलेली खुर्ची उघडली आणि त्यांच्या उशाशी बसले. पडद्यावर सासू आली.

"मोतिया," मी सांगितलं. "काठ आमसुली."